घाटातली गाडी आणि पाण्याचा घोट

वैनगंगेच्या एका तीरावर भंडारा शहर आणि पूल ओलांडताच दुसऱ्या तीरावर आमचे कारधा. एरवी या गावाचे नाव फारसे कोणी घेत नाही. पावसाळ्यात मात्र ते वृत्तपत्रांत वारंवार झळकते. वैनगंगेची पातळी येथील पुलाजवळ मोजली जाते. २४५.५० मीटर ही धोक्याची रेषा. पाणी त्या रेषेकडे सरकू लागले की प्रशासनापासून नदीकाठच्या शेतकऱ्यापर्यंत सारे सावध होतात. पाणी किती चढले याची चिंता करणारे गाव म्हणून आम्ही प्रसिद्ध आहोत. आज मात्र मला पाणी उतरण्याविषयी लिहावयाचे आहे. तेही नदीच्या नव्हे, माणसाच्या शरीरातील.

निमित्त घडले ते असे. गेल्या चैत्रात आमच्या गावातील एक दांपत्य दवाखान्यात आले. काका निवृत्त शिक्षक, वय ७१, रक्तदाबाची एक गोळी चालू. काकू ६७ वर्षांच्या. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, शिवाय गुडघे कुरकुरणारे. त्यांचा मुलगा अमेरिकेत सिएटल शहरी नोकरीस आहे. त्याने आईवडिलांना श्रावणात बोलावले होते आणि अलास्काच्या समुद्रात सात रात्रींची जहाजाची सफर ठरविली होती. काकांनी घडी घातलेला छापील कार्यक्रम माझ्यासमोर उलगडला. त्यातील एका दिवसापुढे त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती. त्या दिवशी जहाज स्कॅगवे नावाच्या बंदरात उभे राहणार, प्रवाशांना बसने डोंगरात नेणार आणि तेथून डोंगरी आगगाडीने परत बंदरात आणणार.

“डॉक्टरसाहेब, एवढ्या उंचावर श्वास तर नाही ना कोंडणार?” काकांनी विचारले. काकू काही बोलल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

अशा सफरी आता आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांनाही नवख्या राहिलेल्या नाहीत. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांच्या घरी असे छापील कार्यक्रम येऊ लागले आहेत. आणि ज्यांची नाहीत, ते मुंबई गाठून नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीत बसतातच. दोन्हीकडे प्रकृतीचे प्रश्न बव्हंशी एकच असतात. म्हणून या सहलीची थोडी ओळख आधी करून देतो.

स्कॅगवे हे जेमतेम हजार-बाराशे वस्तीचे बंदर. १८९६ साली कॅनडातील क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि पुढील दोन वर्षांत हजारो माणसे या बंदरात उतरून व्हाइट पास नावाच्या खिंडीतून सोन्याच्या शोधात निघाली. प्रत्येकाला लवकर पोहोचावयाचे होते. त्या घाईत घोड्यांवर झेपेना इतके ओझे लादले गेले; चारा नाही, विसावा नाही. सुमारे तीन हजार जनावरे त्या एका वाटेवर मेली आणि वाटेला ‘मेलेल्या घोड्यांची वाट’ असेच नाव पडले. १८९८ साली तेथे रेल्वेचे काम सुरू झाले आणि १९०० साली ते पूर्ण झाले. रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे आपल्या गोंदिया-जबलपूरच्या जुन्या छोट्या गाडीपेक्षा सहा इंचांनी अधिक. समुद्राच्या पातळीवरून निघून सुमारे वीस मैलांत ही गाडी २८६५ फुटांवरील खिंडीत पोहोचते. खाणींचा व्यवसाय मंदावल्यामुळे १९८२ साली ती बंद पडली, १९८८ साली पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली आणि आज जहाजातून उतरणारे प्रवासी हाच तिचा मोठा आधार आहे. बस-आगगाडीच्या सहलीत एका दिशेने रस्त्याने जावयाचे, कॅनडाच्या हद्दीतील फ्रेझर येथे वाहन बदलावयाचे आणि दुसऱ्या दिशेने रुळांवरून यावयाचे, असा क्रम असतो.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. २८६५ फूट म्हणजे सुमारे ८७३ मीटर. आपले चिखलदरा १११८ मीटरवर आहे, महाबळेश्वर त्याहूनही उंच आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. उंचीवरील विरळ हवेचा त्रास साधारणतः अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. तेव्हा ज्यांनी चिखलदऱ्याला मुक्काम केला आहे, त्यांनी या खिंडीच्या उंचीचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्यांना मुळातच हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर विकार आहे, त्यांनी अर्थातच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

मग मी काकूंकडे वळून विचारले, “आणि तुम्ही त्या दिवशी पाणी किती पिणार?”

काकू प्रथम हसल्या. नंतर पदर सावरून हलक्या आवाजात म्हणाल्या, “गाडीतून उतरल्यावर पिईन ना.”

हे उत्तर मला अपेक्षित होते. ते अपेक्षित असण्याचे कारण सांगताना मला आजही संकोच वाटतो. परंतु ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे शिक्षण संपून दवाखाना नुकताच सुरू झाला होता. पहिल्या शिलकीतून आईवडिलांना कोठेतरी न्यावे म्हणून मी माथेरान निवडले. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी रुळांची गाडी, तिची वळणे, वाटेतील माकडे यांचे वर्णन आईने कोणाकडून तरी ऐकले होते. हिवाळ्यात आम्ही भंडारा रोडहून नागपूर गाठले, रात्रीच्या गाडीने निघून सकाळी कल्याणला उतरलो, तेथून लोकलने नेरळ आणि नेरळहून छोटी गाडी. जुम्मापट्टी गेले, वॉटर पाइप नावाचे स्थानक गेले. आई खिडकीशी बसून प्रत्येक वळणाला लहान मुलीसारखी मागे वळून गाडीचे शेपूट पाहत होती. मी तिच्याकडे पाहून तृप्त होतो.

माथेरानला उतरून वीस-पंचवीस पावले चाललो असू, तोच ती म्हणाली, “डोळ्यासमोर काळं येते रे.” मी वळेपर्यंत ती खाली कोसळली होती. पडताना टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. नाडी जलद, जीभ कोरडी, रक्तदाब खाली गेलेला. मी विचारले, “पाणी केव्हा प्यायली होतीस?” तिने आधी टाळले. मग म्हणाली, “काल सांजेले. पाणी पिलं का उठा लागते, बाबू. मंग उगाच सगळ्याईले तरास.”

आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत तिने दोन घोट चहाखेरीज काहीही घेतले नव्हते. आणि सकाळची रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली होती. ती लघवी वाढविणारी गोळी होती आणि मीच लिहून दिली होती.

त्या छोट्या डब्यांत शौचालय नसते, हे मला ठाऊक होते. आधीच्या गाडीत होते, लोकल धरण्यापूर्वी स्थानकावरही सोय होती. सोय नव्हती ती विचारण्याची. ‘आई, तुला जाऊन यावयाचे आहे का?’ हे एक वाक्य संबंध प्रवासात ना माझ्या तोंडून निघाले, ना वडिलांच्या. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की ती आयुष्यभर असेच करीत आली होती. पवनीच्या बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, तहसील कचेरीच्या रांगेत, सर्वत्र. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक रुग्णाला मी पाणी आणि लघवी यांविषयी विचारीत असे. घरच्या माणसाला कधी विचारले नव्हते. मनगट जुळले, पण किंचित वाकडे जुळले. त्यानंतर ती लांबच्या प्रवासाला गेली नाही. प्रवासाचे नाव काढले की हसून हात पुढे करीत असे.

म्हणून वाचकहो, प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी आता औषधांच्या यादीआधी हा प्रश्न विचारतो. उत्तर बहुधा तेच येते. पाणी न पिण्याची ही सवय आपल्या घरांतील स्त्रियांत फार खोल रुजलेली आहे आणि तिचे कारण आळस नाही. स्वच्छ शौचालय न मिळणे, पुरुषांना गाडी थांबवावयास सांगण्याचा संकोच, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल ही भीती, अशी ती कारणे आहेत. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले अनेक वृद्ध गृहस्थ प्रवासात पाणी तोडतात; फक्त ते कोणाला सांगत नाहीत.

याचे शरीरावर काय परिणाम होतात, ते पाहू. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. म्हणजे शरीराला पाण्याची गरज असूनही घसा कोरडा पडल्याचे लवकर कळत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही कमी होते. अशा अवस्थेत पाणी तोडले की रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. बसून असेपर्यंत काही जाणवत नाही. परंतु दोन तास बसलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते, मेंदूला क्षणभर पुरवठा कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास हा धोका वाढतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही लघवीचे प्रमाण वाढते. शिवाय लघवी दीर्घकाळ रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्यास वाव मिळतो, बद्धकोष्ठ वाढते आणि डोके दुखू लागते. माणूस पडतो तो बहुधा गाडीत नव्हे, गाडीतून उतरताना आणि उतरल्यानंतरच्या पहिल्या काही पावलांत. सहलीचा सर्वांत धोक्याचा क्षण तोच होय.

थंड प्रदेशात यात आणखी एक भर पडते. थंडीत तहान लागत नाही आणि लघवी मात्र अधिक होते. अलास्कात उन्हाळ्यातही खिंडीजवळ गार वारा असतो. तेथे घाम येत नाही, म्हणून पाण्याची गरज नाही, असे वाटणे हा निव्वळ भ्रम ठरतो.

काकूंना मी जो क्रम लिहून दिला, तो आपल्या कोणत्याही घाटातील सहलीस लागू पडेल. सकाळी उठल्यावर एक पेला पाणी प्यावे आणि निघण्यापूर्वी अर्धा तास लघवीस जाऊन यावे. त्यानंतर दर तासाला अर्धा पेला पाणी, घोट घोट करून. एकदम तांब्याभर पाणी पिऊ नये. त्याने लघवीची घाई होते. त्या दिवशी चहा-कॉफी कमी ठेवावी, कारण त्यांनी मूत्राशय उत्तेजित होते. जेथे सोय दिसेल तेथे, घाई लागलेली नसली तरी, जाऊन यावे: जहाजातून उतरण्यापूर्वी, बस थांबेल तेथे, गाडीत बसण्यापूर्वी. व्हाइट पासच्या गाडीच्या डब्यांत शौचालये आहेत. बसमध्ये असेलच असे नाही. म्हणून बसच्या टप्प्याची तयारी अधिक काळजीने करावी. लघवीचा रंग फिकट पिवळा असला तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद झाला तर ती आपली धोक्याची रेषा.

दोन सूचना विसरू नयेत. हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असल्यामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी तीच मर्यादा पाळावी. आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नये. सहलीच्या दिवशी ती परतल्यानंतर घेतली तर चालेल काय, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. पुष्कळांच्या बाबतीत वेळ बदलता येते.

ज्यांना खोकताना, हसताना किंवा पायरी चढताना थेंब थेंब लघवी होते, त्या भगिनींना माझे विशेष सांगणे आहे. हा वयाचा अटळ भोग नाही. त्यावर उपाय आहेत. लघवी रोखण्यासाठी जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळून पाच सेकंद धरावेत, पाच सेकंद सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम बसल्या जागी करता येतो आणि कोणाला कळतही नाही. मात्र गुण येण्यास दीड-दोन महिने तरी लागतात, म्हणून सफर ठरताच आरंभ करावा. प्रवासात शोषक पॅड वापरण्यात लाज मानू नये. चष्मा वापरण्यात आपण लाज मानतो काय?

आता गाडी लागण्याविषयी. घाटातील वळणांवर कान सांगतो की शरीर हलते आहे आणि हातातील मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की ते स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ उद्भवते. म्हणून बसमध्ये पुढची जागा घ्यावी, दृष्टी दूरच्या डोंगरावर ठेवावी, वाचन टाळावे. रिकाम्या पोटी निघू नये आणि भरपेटही जेवू नये. थोडे कोरडे खाणे उत्तम. आल्याच्या वडीने काहींना आराम पडतो. गोळी घ्यावयाची असल्यास ती बस सुटण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी सुस्ती येते व तोल जातो. प्रोस्टेटची वाढ किंवा काचबिंदू असणाऱ्यांना त्यांतील काही गोळ्या वर्ज्य असतात. त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आगगाडीची चाल संथ असल्याने तिच्यात हा त्रास बसपेक्षा कमी होतो.

गुडघ्यांचा विचारही आधीच व्हावा. जहाजाचा उतार, बसची उंच पायरी, गाडीच्या डब्याच्या पायऱ्या अशी दिवसभरात अनेकदा चढ-उतर होते. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम पाठ असावा. काकूंना मी तीन महिने रोज सकाळी पुलापर्यंत चालण्यास आणि घराच्या पायऱ्या कठड्याला धरून पाच वेळा चढण्या-उतरण्यास सांगितले. सहलीची कसरत सहलीच्या दिवशी सुरू करावयाची नसते. गाडीत बसल्या बसल्या दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलावेत. उतरण्याआधी दहा-बारा वेळा तसे करून, मग उभे राहून, क्षणभर आधार धरून थांबावे आणि त्यानंतरच पाऊल टाकावे.

कपडे एका जाड कोटाऐवजी तीन पातळ थरांत घालावेत, म्हणजे बसमध्ये उतरविता येतात आणि खिंडीत चढविता येतात. मधुमेह असणाऱ्यांनी बंद बूट आणि मऊ मोजे घालावेत व रात्री तळपाय नीट पाहावेत. दिवसभराची औषधे जहाजावरील खोलीत न ठेवता हातातील पिशवीत घ्यावीत. सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेले पत्र असावे, कारण परदेशात आपली व्यापारी नावे कोणी ओळखत नाही. जेवणाची वेळ हमखास पुढे ढकलली जाते. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी बिस्किटे आणि थोडी साखर जवळ ठेवावी. जहाजावरील अन्न किनाऱ्यावर नेण्यास बहुधा मनाई असते. बंद पाकिटातील पदार्थ न्यावेत. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ अधूनमधून येते. त्यासाठी हाताला चोळण्याच्या जंतुनाशकावर विसंबू नये; साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय.

कागदपत्रांची एक गोष्ट प्रकृतीशी संबंधित नसली तरी मनःस्वास्थ्याशी आहे. फ्रेझरपर्यंत जाणारी सहल कॅनडाच्या हद्दीत जाते. पासपोर्ट जवळ हवा आणि भारतीय नागरिकांनी कॅनडाच्या व्हिसाची व अमेरिकेत पुन्हा प्रवेश मिळण्याची खात्री आधीच करून घ्यावी. तसेच प्रवास-विम्यात जुने आजार समाविष्ट आहेत काय, हे नीट वाचावे.

आता तरुण वाचकांसाठी. आईवडिलांसाठी सहल ठरविणारे तुम्ही असता. खिडकीची जागा, छायाचित्राचे ठिकाण, परतीची वेळ हे सारे तुम्ही हौसेने पाहता. जहाजाच्या वेळेचा धाक असल्याने त्या दिवशी सर्वांनाच घाई असते. खाजगीरीत्या केलेल्या सहलीस उशीर झाला तर जहाज थांबत नाही. म्हणून वृद्ध सोबत असताना जहाजामार्फत ठरविलेली सहल घेणे बरे, तेवढा तरी ताण कमी होतो. पण मुख्य मुद्दा निराळा आहे. कार्यक्रम आखताना तरुणांची चाल गृहीत धरू नका. ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्या पावलांनी दिवस आखा. आणि प्रत्येक थांब्यावर, कोणी मागण्याची वाट न पाहता, तुम्हीच म्हणा: “चला, मी जाऊन येतो आहे, तुम्हीही येता?” ‘जायचंय का’ असे चारचौघांत विचारले तर आई ‘नाही’ म्हणेल. सोबत चलण्यास सांगितले तर ती उठेल. मी काकूंच्या मुलाला हे दूरध्वनीवर सांगितले, तेव्हा तो काही क्षण गप्प होता. मग म्हणाला, “डॉक्टरकाका, मला हे कधी सुचलंच नसतं.” मलाही सुचले नव्हते, असे मी त्याला सांगितले.

भाद्रपदात ते दोघे परतले. दवाखान्यात आले तेव्हा काकांनी मोबाइलवर शंभरेक छायाचित्रे दाखविली. कड्याला बिलगून जाणारी गाडी, लाकडी पुलांचे सांगाडे, ढगात शिरणारे रूळ. एका चित्रात काकू डब्याच्या खिडकीशी बसल्या होत्या. गळ्यात मफलर, मांडीवर पाण्याची बाटली.

“मग काकू, कशी झाली सहल?”

“चार वेळा उठली मी,” काकू म्हणाल्या. “कोणालेच तरास झाला नाही.”

मी त्यांचा रक्तदाब मोजला. तो ठीक होता.

पुढील सुट्टीत आपण कोणत्या घाटात जाल, हे मला ठाऊक नाही. अलास्का असो, माथेरान असो की चिखलदरा. निघण्याच्या आदल्या रात्री सामान बांधून झाले की आपल्या आईशेजारी, सासूशेजारी, वडिलांशेजारी दोन मिनिटे बसा आणि उद्या पाणी केव्हा, किती आणि उठावयाचे कोठे, हे मिळून ठरवा. आणि ठरलेले दुसऱ्या दिवशी आपण स्वतः लक्षात ठेवा. ते त्यांच्यावर सोपवू नका.